हिरवळीवरची चटई

"ही दोन्ही मुलं तुमच्याबरोबर आहेत का?"

शिकागोच्या मिलेनियम पार्कच्या फाटकाशी सुरक्षा रक्षकानं मला हा प्रश्न विचारला तेव्हा माझ्या एका हातात गुंडाळलेली चटई होती आणि दुसऱ्या हातात भाचीनं दिलेला पराठ्यांचा डबा. २०२३ सालच्या जुलैमधली ती शुक्रवारची संध्याकाळ. सहा वाजून गेले होते आणि साडेसहाला बागेतल्या उघड्या रंगमंचावर ऑर्केस्ट्रा सुरू व्हायचा होता. दोन मुलांपैकी एक माझ्या भाचीचा मुलगा, सोळा वर्षांचा. दुसरा त्याच्या शाळेतला मित्र, कृष्णवर्णीय, त्याच्याच वयाचा. दोघंही शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवतात. मित्राच्या आईची त्या दिवशी रात्रपाळी होती, म्हणून त्याला आणण्या-पोचवण्याची जबाबदारी भाचीनं माझ्यावर टाकली होती. "मामू, तुम्ही बरोबर असल्याशिवाय त्यांना आत सोडणार नाहीत," असं ती निघताना म्हणाली होती. मला ते अतिशयोक्तीचं वाटलं होतं.

मी "हो" म्हटलं. रक्षकानं माझा पासपोर्ट पाहिला, मुलांकडे एकवार पाहिलं आणि हसून आत जायला सांगितलं. माणूस सौजन्यानंच वागला. पण कार्यक्रमाला तिकीट नव्हतं, बाग सार्वजनिक होती, आणि तरी दोन शाळकरी मुलांना संगीत ऐकायला एक म्हातारा सोबत लागत होता. असं का, ते पुढे सांगतो. आधी बागेविषयी बोलायला हवं, कारण त्या बागेचा सगळा इतिहासच 'इथं कुणी यायचं' या एका प्रश्नाभोवती फिरतो.

इंग्रजीतला 'फ्री' हा शब्द मोठा सोयीचा आहे. आपल्याकडे फुकट वेगळं, मोकळं वेगळं आणि स्वतंत्र वेगळं. त्यांच्याकडे तिन्ही एकाच शब्दात मावतं. शिकागोत उन्हाळा लागला की हा शब्द जिकडेतिकडे दिसतो. तिथला हिवाळा किती लांब आणि किती कडक असतो ते तिथं राहणाऱ्यांनाच विचारावं. त्यामुळे जूनमध्ये शहर जणू कोंडून ठेवलेल्या पोरांसारखं घराबाहेर धावतं. जूनमध्ये ब्लूज संगीताचा महोत्सव, १९८४ पासूनचा. उन्हाळ्याच्या शेवटी जाझचा, तो १९७९ पासूनचा. आणि मध्ये जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दहा आठवडे ग्रँट पार्क ऑर्केस्ट्राच्या मैफली. पुढच्या काही खुर्च्या वर्गणीदारांसाठी राखून ठेवलेल्या असतात. बाकी खुर्च्या आणि मागची सगळी हिरवळ येईल त्याची.

ही जागा अशी उरली कशी, याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८३६ साली, शिकागो जेमतेम एक वस्ती होती तेव्हा, कालव्याचं काम पाहणाऱ्या आयुक्तांनी एक नकाशा तयार केला. सरोवराच्या काठच्या पट्ट्यावर त्यांनी शेरा लिहून ठेवला की ही सार्वजनिक जमीन आहे, ती कायम मोकळी राहील आणि तिच्यावर इमारत किंवा दुसरा कसलाही अडथळा उभा राहणार नाही. आता नकाशावर शेरे लिहिणारे पुष्कळ असतात. तो शेरा खरा करायला एक भांडखोर माणूस लागतो. तो शिकागोला मिळाला. त्याचं नाव माँटगोमेरी वॉर्ड. टपालानं माल विकणारा हा बडा व्यापारी. त्याचं कार्यालय बागेसमोरच होतं. १८९० पासून वीस वर्षं तो कोर्टात भांडला. पुढारी म्हणत होते इथं शस्त्रागार बांधू, संग्रहालय बांधू, सरकारी कचेऱ्या बांधू. वॉर्ड म्हणत होता, नकाशा वाचा. वर्तमानपत्रांनी त्याला प्रगतीचा शत्रू ठरवलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की श्रीमंतांना हवा खायला दुसरीकडे जाता येतं, गरिबांना नाही.

या खटल्यांचा एक गमतीदार परिणाम शंभर वर्षांनी दिसला. फ्रँक गेरी या ख्यातनाम वास्तुकारानं मिलेनियम पार्कसाठी रंगमंच आखला. पोलादी पत्र्यांच्या प्रचंड फिती वाऱ्यानं उडाव्यात तशा वर वळलेल्या, उंची सुमारे १२० फूट. एवढी उंच इमारत तिथं बांधायला कायद्यानं मनाई. मग शहरानं शक्कल लढवली: ही इमारत नाहीच, ही कलाकृती आहे! म्हणून तुम्ही तिथं मैफल ऐकता तेव्हा कागदोपत्री एका शिल्पासमोर बसलेले असता. सरकारी कागदावर कलेचा इतका उपयोग झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

बाग २००४ साली खुली झाली. नावाप्रमाणे ती २००० साली व्हायची होती, ती चार वर्षं उशिरा झाली आणि खर्च ठरल्यापेक्षा तिपटीहून अधिक वाढला. हे वाचून मला जरा घरच्यासारखं वाटलं. बागेच्या खाली रेल्वेचे रूळ आणि मोटारींचे तळ आहेत. म्हणजे साडेचोवीस एकरांची ही हिरवळ खरं तर एक छप्पर आहे, आणि व्हायोलिनं हळुवार वाजत असताना तुमच्या पाठीखालून लोकल गाडी जात असते.

मैफली मात्र बागेपेक्षा जुन्या. त्या १९३५ च्या जुलैत सुरू झाल्या, ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाला शिंपल्याच्या आकाराचा एक मंच होता तिथं. त्या सुरू करणारा जेम्स पेट्रिलो हा वादकांच्या कामगार संघटनेचा पुढारी. मंदीचे दिवस होते. शिवाय त्याआधी मूकपटांच्या थिएटरांत पडद्यासमोर बसून वाजवणाऱ्या वादकांची पोटं बोलपटांनी मारली होती. ध्वनिमुद्रिका आणि रेडिओ यांनी उरलीसुरली कामं नेली. पेट्रिलोनं ठरवलं की वादकांना पगार मिळेल आणि लोकांना संगीत फुकट मिळेल असं काहीतरी करायचं. यंत्रातून येणाऱ्या संगीताला तो वादकांचा वैरी समजे. १९४२ साली त्यानं देशभरच्या वादकांना ध्वनिमुद्रण बंद करायला लावलं आणि तो संप दोन वर्षं चालला. श्रोतेहो, मी हे आकाशवाणीच्या ध्वनिक्षेपकासमोर बसून सांगतो आहे, तेव्हा पेट्रिलोची क्षमा मागून पुढे जातो.

मला यातली महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की फुकट मैफलीचा उगम दानधर्मात नव्हता. तो रोजगाराच्या मागणीत होता. ऐकणाऱ्याला फुकट याचा अर्थ वाजवणाऱ्यालाही फुकट असा तिथं कुणी काढला नाही.

माझं लहानपण मिरजेत गेलं. तिथला हिशेब वेगळा आहे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी गाणारे-वाजवणारे येतात आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत हजेरी लावतात. खाँसाहेब १९३७ साली गेले, म्हणजे शिकागोच्या मैफली सुरू झाल्यावर दोन वर्षांनी. तिथं कलावंत सेवा म्हणून गातो. ऐकणारा जमिनीवर बसतो. मी वडिलांच्या मांडीवर बसून अर्धवट झोपेत ऐकलेल्या तानपुऱ्यांचा आवाज अजून कानात आहे. माझ्या एका बाजूला हमाल बसलेला असे आणि दुसऱ्या बाजूला तंतुवाद्यं बनवणारा कारागीर. कारागीर डोळे मिटून स्वतःच्या तानपुऱ्याची जवारी तपासत असे. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे विचारायला त्या आवारात कुणी उभा नसे. म्हणून चटई घेऊन त्या हिरवळीवर बसताना मला परकं वाटलं नाही. पेट्रिलोची रीत चांगली की दर्ग्याची, याचा निवाडा मात्र मला करता येत नाही. बिदागीवर घर चालवणारे कलावंत मी जवळून पाहिले आहेत.

त्या संध्याकाळी आम्ही हिरवळीच्या मध्यावर जागा धरली. आजूबाजूला लोकांनी दस्तरखान मांडले होते. दुसरा शब्द मला सुचत नाही. चीज, द्राक्षं, दारूच्या बाटल्या, कुणाची तान्ही मुलं, कुणाचे चाकाच्या खुर्चीतले आजोबा. डोक्यावर मात्र एक विचित्र गोष्ट होती: सगळ्या हिरवळीवर पोलादी नळ्यांची एक भलीमोठी जाळी, सुमारे ६०० फूट लांब. आधी मला ती मांडवाचा सांगाडा वाटली, कापड घालायचं राहून गेल्यासारखी. मग भाचीच्या मुलानं समजावलं. ध्वनिवर्धक त्या जाळीला टांगलेले आहेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे हिरवळीच्या टोकाला मंचावरचा खरा आवाज पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. डोक्यावरचा ध्वनिवर्धक त्याआधीच वाजला तर कानात गोंधळ होणार. म्हणून प्रत्येक ओळीतला आवाज अंतराच्या हिशेबानं किंचित थोपवून सोडतात. परिणाम असा की आवाज वरून येत असला तरी तो समोरून, वादकांकडूनच येतो आहे असं वाटतं. शिवाय जाळीमुळे मध्ये एकही खांब नाही. आपल्या जत्रांतल्या कर्ण्यांच्या भिंतींशी याची तुलना मी करत नाही. ऐकणाऱ्यांनी आपली करावी.

"व्हायोला कुठं आहे ते सांग," मी म्हटलं. मित्रानं बोट दाखवलं. "मध्यात. आमचं कुणाला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "पण आम्ही थांबलो तर काहीतरी गेलंय असं लोकांना वाटतं." सोळाव्या वर्षी इतकं समजलेलं मूल. मला चाळिशीपर्यंत मराठी कवितेतल्या माझ्या जागेबद्दल इतकं नेमकं बोलता आलं नव्हतं.

मध्यंतरात आम्ही बागेतली शिल्पं पाहायला गेलो. शिल्पं म्हणजे चौथऱ्यावरचे पुतळे नव्हेत. स्पेनच्या जाउमे प्लेन्सानं पन्नास पन्नास फुटांचे दोन काचेच्या विटांचे मनोरे समोरासमोर उभे केले आहेत. त्यांवर एक हजार शिकागोकरांचे चेहरे आळीपाळीनं दिसतात, आणि थोड्या थोड्या वेळानं चेहऱ्याच्या तोंडातून पाण्याची धार पडते. खाली पोरं चिंब भिजत वाट पाहत उभी असतात. आजवर शहरांनी चौकात सेनापतींचे चेहरे लावले. इथं बस ड्रायव्हर असावी अशी एक बाई पन्नास फूट उंच होऊन डोळे मिचकावत होती. २००६ साली या मनोऱ्यांवर शहरानं टेहळणीचे कॅमेरे बसवले होते. लोकांनी आरडाओरड केली तेव्हा ते काढले.

आणि पलीकडे ते प्रसिद्ध 'क्लाउड गेट'. शिकागोकर त्याला नुसतं 'बीन', म्हणजे घेवड्याचा दाणा म्हणतात. पोलादाचे १६८ पत्रे असे जोडले आहेत की सांधा शोधून सापडत नाही. ३३ फूट उंच, वजन सुमारे १०० टन. त्यात सगळं शहर वाकडं होऊन दिसतं, आभाळ दिसतं, आणि खाली मुंगीएवढे आपण. करणारा अनिश कपूर, जन्म मुंबईचा, १९५४ सालचा. त्याची आई बगदादहून आलेल्या ज्यू कुटुंबातली आणि आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे. पुण्यात हे किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. मी दोन्ही मुलांना हे सांगितलं तेव्हा भाचीचा मुलगा म्हणाला, "नाना, म्हणजे हा दाणा आपला आहे?" मी म्हटलं, दाणा ज्याचा चेहरा त्यात दिसेल त्याचा.

तो दाणाही भांडणांतून सुटला नाही. सुरुवातीच्या वर्षांत त्याचा व्यावसायिक फोटो काढायला परवाना आणि पैसे मागत, त्यावरून वाद झाला. पुढे अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या बलाढ्य संघटनेनं आपल्या एका जाहिरातपटात त्याचं चित्र वापरलं. कपूरनं २०१८ साली त्यांच्यावर दावा लावला आणि ते चित्र काढायला लावलं. आपलं शिल्प बंदुकीच्या बाजूनं उभं दिसू नये, एवढाच त्याचा आग्रह होता.

उघड्यावरची प्रदर्शनं आणखीही आहेत. विद्यापीठाजवळच्या हाइड पार्क वस्तीत ५७ व्या रस्त्यावर १९४८ पासून जूनमध्ये चित्रांची जत्रा भरते. तिथल्या एका दुकानदार बाईंनी ती सुरू केली, चित्रकारांना आपला माल स्वतः विकता यावा म्हणून. ओल्ड टाउन भागातली १९५० पासूनची. पांढऱ्या छोट्या तंबूंच्या रांगा, तंबूत चित्रकार स्वतः बसलेला, आणि वाऱ्यानं तंबू उडू नये म्हणून चारी पायांना वजनं बांधलेली. परीक्षक निवड करतात, त्यामुळे कुणीही उठून तंबू लावू शकत नाही. पाहायला मात्र कुणीही जातं. काही जत्रांत दाराशी देणगीची पेटी धरून स्वयंसेवक उभे असतात. सक्ती नसते, कारण रस्ता सगळ्यांचा. तरी पेटीसमोरून नुसतं चालत जायला जरा धीर लागतो. मी पाच डॉलर टाकले आणि नंतर रुपयांत हिशेब केला, जो करायचा नसतो.

बागेला लागूनच आर्ट इन्स्टिट्यूट हे मोठं संग्रहालय आहे. ते छताखालचं, पण त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १८९३ साली सप्टेंबरच्या ११ तारखेला स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केलं ते याच इमारतीत. आपल्या मुंबईच्या जितीश कल्लाट या चित्रकारानं २०१० साली, पुन्हा ११ सप्टेंबरलाच, ते अख्खं भाषण तिथल्या मोठ्या जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं. अक्षरांचे रंग पाच: दहशतवादी हल्ल्याचा धोका किती आहे हे सांगायला अमेरिकी सरकार तेव्हा जे पाच रंग वापरत असे तेच. हिरवा म्हणजे निर्धास्त, लाल म्हणजे सावध. सर्व धर्मांना बंधू म्हणणारं वाक्य आणि त्याच्या अंगावर संशयाचा रंग. सरकारनं ती रंगांची पद्धत २०११ साली बंद केली. पण त्या वर्षांत माझ्यासारखं नाव असलेला माणूस विमानतळावर उभा राहिला की आपल्यावर कुठला रंग पडला आहे ते त्याला न विचारता कळायचं.

आता मला एका कवयित्रीविषयी सांगू द्या. ग्वेंडोलिन ब्रुक्स. शिकागोच्या दक्षिण भागात वाढलेली, १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय लेखक. १९६७ च्या १५ ऑगस्टला शहराच्या मध्यवर्ती चौकात पिकासोचं पन्नास फुटी पोलादी शिल्प उभं राहिलं. पिकासो अमेरिकेत कधी गेला नाही आणि त्यानं मानधनही घेतलं नाही. शिल्प शहराला भेट दिलं. लोकांना ते बाई वाटेना, पक्षी वाटेना, माकड की कुत्रं यावर पैजा लागल्या. एका नगरसेवकानं हे हलवून त्याजागी बेसबॉलपटूचा पुतळा बसवा असा ठराव आणला. अनावरणाला महापौरांच्या समारंभात कविता वाचायला ब्रुक्स यांना बोलावलं होतं. त्यांनी वाचली. त्या कवितेत भक्तिभावापेक्षा अवघडलेपण जास्त आहे, असं मला ती वाचताना वाटलं.

त्याच महिन्याच्या अखेरीस त्या दुसऱ्या एका अनावरणाला गेल्या. ४३ वा रस्ता आणि लँगली या कोपऱ्यावर, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एका मोडकळीला आलेल्या इमारतीची भिंत होती. तिच्यावर तिथल्या चित्रकारांनी त्या उन्हाळ्यात आपल्या माणसांचे चेहरे रंगवले होते: मुहम्मद अली, माल्कम एक्स, गायक, वादक, खेळाडू, आणि खुद्द ब्रुक्ससुद्धा. महापौर नव्हते, चौथरा नव्हता, परवानगीचाही फारसा प्रश्न नव्हता. 'आदराची भिंत' असं तिचं नाव. तिथंही त्यांनी कविता वाचली. पुढे दोन्ही कविता त्यांनी एकाच शीर्षकाखाली शेजारी शेजारी छापल्या. त्या दोन कवितांमध्ये काय अंतर आहे हे वाचणाऱ्यानं आपलं ठरवावं. एक शहर, एक महिना, उघड्यावरच्या दोन कलाकृती. पिकासोचं शिल्प आजही उभं आहे, पोरं त्याच्या उतारावरून घसरतात. भिंतीच्या इमारतीला १९७१ मध्ये आग लागली आणि ती पाडली गेली. मात्र तिच्यापासून स्फूर्ती घेऊन अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत गरीब वस्त्यांच्या भिंती रंगल्या.

मोकळ्या जागेत न दिसणाऱ्या रेषा असतात. बागेपासून काही किलोमीटर दक्षिणेला सरोवराचा २९ व्या रस्त्यावरचा किनारा आहे. १९१९ च्या जुलैत एक सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पाण्यात तराफ्यावर खेळत होता. तराफा वाहत गोऱ्यांच्या समजल्या जाणाऱ्या पाण्यात गेला. पाण्यावर रेघ ओढलेली नव्हती, पण ती सगळ्यांना माहीत होती. किनाऱ्यावरून दगड आले, मुलगा बुडाला, आणि त्यातून पेटलेल्या दंगलीत ३८ माणसं मेली. ग्रँट पार्कमध्ये, ज्या मंचावर पेट्रिलोच्या मैफली होत त्याच मंचासमोर, १९६८ च्या २८ ऑगस्टला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जमलेल्या तरुणांना पोलिसांनी झोडपलं. त्याच बागेत २००८ च्या नोव्हेंबरात बराक ओबामांनी विजयाचं भाषण केलं. जागा एकच.

अलीकडे पैशाच्या कुंपणाचीही भर पडली आहे. २००५ पासून ग्रँट पार्कमध्ये लोलापलूझा हा तिकिटाचा महोत्सव होतो. त्या दिवसांत सार्वजनिक बागेच्या मोठ्या भागाला कुंपण पडतं, आणि शेजारच्या गदारोळामुळे ग्रँट पार्क ऑर्केस्ट्राला काही मैफली बंद नाट्यगृहात न्याव्या लागल्या आहेत. त्याचंच भावंडं २०२३ साली मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आलं, हे आपल्याकडच्या तरुणांना मी सांगायला नको.

आणि आता तो फाटकावरचा प्रश्न. २०२२ च्या मे महिन्यात, शनिवारच्या एका संध्याकाळी, त्या दाण्याजवळ तरुणांची मोठी गर्दी झाली होती. त्यात एका सोळा वर्षांच्या मुलाला गोळी लागली आणि तो गेला. आरोप ठेवला गेला तोही सतराच वर्षांच्या मुलावर. लगेच शहरानं नियम केला: गुरुवार ते रविवार संध्याकाळी सहानंतर अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोठ्या माणसाशिवाय मिलेनियम पार्कमध्ये यायचं नाही. ज्या बागेच्या कारंज्यात ती लहानपणी भिजली, तिथंच मिसरूड फुटल्यावर त्यांना जामीन लागू लागला. भाची म्हणते, नियम बरोबर आहे, आईच्या जागी उभे राहून बघा. मी आई नाही, पण तिचं म्हणणं खोडून काढण्याइतका शहाणाही नाही. मित्राला विचारलं तर तो खांदे उडवून म्हणाला, "आम्ही आता इथं येतच नाही. आज तुम्ही होतात म्हणून." मला हे त्याच्या तोंडून ऐकणं जड गेलं. वॉर्डनं वीस वर्षं भांडून राखलेल्या जागेत तो मुलगा पाहुण्यासारखा बसला होता, आणि खरा पाहुणा मी होतो, ज्याच्या पासपोर्टवर त्याचा प्रवेश झाला होता.

उत्तरार्धात ऑर्केस्ट्राबरोबर गायकवृंद होता. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. एका जागी सगळं शांत झालं आणि फक्त मधली तंतुवाद्यं उरली. दोन्ही मुलं एकदम पुढे झुकली. मित्राच्या डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर चालत होती. तेवढ्यात रस्त्यावरून ॲम्ब्युलन्सचा भोंगा आला, लांबत गेला. कुणी मान वळवली नाही. भोंगा संपला तेव्हा व्हायोला वाजतच होत्या.

मैफल संपली तेव्हा सव्वाआठ झाले होते आणि सरोवरावर अजून उजेड होता. उरलेले दोन पराठे मित्रानं खाल्ले. दहाच्या आत त्याला घरी पोचवायचं होतं. रात्री दहानंतर त्या वयाच्या मुलांना शहरभर बंदी असते. आम्ही चटई झटकली, त्यानं ती घडी घालून काखेत धरली. फाटकाशी तोच रक्षक उभा होता. मी सवयीनं पासपोर्ट काढायला खिशात हात घातला. त्यानं मानेनंच नको म्हटलं. बाहेर जाताना कुणाला काही विचारत नाहीत.